करंगळीच्या रेषा

१

सकाळचा चहा पाजून झाला की मी यांची डावी करंगळी हातात घ्यायची, ओल्या फडक्याने पुसायची, कोरडी करायची आणि यांच्याच फोनच्या पाठीवरच्या गोल खळग्यावर टेकवायची. फोन हातातल्या हातात बारीक थरथरायचा आणि उघडायचा. मग औषधांची मागणी, विजेचं बिल, डॉक्टरांची वेळ, सगळं त्यातूनच. दिवसातून किती वेळा ही करंगळी मागायला मी पलंगापाशी जायची, देव जाणे. दमलेलं माणूस मोजत नाही, पुढचं काम उरकतं.

करंगळीच का, तर बाकीची बोटं गुळगुळीत होती. यांचं दुकान कुलपं दुरुस्त करायचं आणि किल्ल्या करून द्यायचं. उभा जन्म कानस चालवून बोटांवरच्या रेषा घासून गेलेल्या. फोन घेतला तेव्हा लेकीने एकेक बोट लावून पाहिलं, फोन एकेकाला नापास करत गेला, शेवटी डावी करंगळी तेवढी पास झाली.

"बाबा, चेहरा पण लावून ठेवते," लेक म्हणाली. "नुसतं बघायचं, की उघडलं."

"बोट म्हणजे किल्ली," हे म्हणाले. "लागते, नाहीतर लागत नाही. चेहरा म्हणजे ओळख. ओळखीवर दार उघडू नये."

"बाबा, फोन आहे तो."

"कुलूप ते कुलूप."

तरी तिने चेहरा लावलाच. हे कपाळाला आठ्या घालून फोनकडे बघत बसले आणि फोनने तो चेहरा आठ्यांसकट ठेवून घेतला.

त्यानंतर वर्षाच्या आत यांना झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, चेहऱ्याची उजवी बाजू ओघळली, वाचा गेली. एकच शब्द उरला, तो म्हणजे नको. चहा हवा असला तरी नको. कप ओठाला लागलेला असताना, घोट गिळता गिळता नको. उशी सारखी केली की बरं वाटून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, नको. डॉक्टर म्हणाले, "असं होतं. एखादाच शब्द शिल्लक राहतो आणि तोच सगळ्याला वापरला जातो. त्याचा अर्थ लावत बसू नका." सुरुवातीला मी लावला होता, तेव्हा हे दोन दिवस उपाशी राहिले होते. मग मी एक पद्धत पाडून घेतली. हे नको म्हणाले की "हो हो, नको तर नको," असं म्हणायचं आणि हातातलं काम पुरं करायचं.

चेहरा फोनला आता पटत नव्हता. यांच्यासमोर धरला की पडद्यावर यायचं, चेहरा ओळखता आला नाही. मला त्या फोनचा रागच यायचा. माणूस आजारी पडलं की ओळख दाखवायची नाही म्हणजे काय, हा काय नातेवाईक आहे का आमचा? फोनचे आकडे यांच्या डोक्यात, आणि डोक्यातून बाहेर यायला एकच शब्द. फोन एकदा बंद पडला तर सुरू होताना आकडेच मागणार, बोटावर भागणार नाही, म्हणून मी त्याची बॅटरी कधी संपू दिली नाही. मुख्य दाराशी चपलांचा स्टँड आहे, त्याच्यावरच्या प्लगला तो कायम चार्जिंगला लावलेला असायचा.

२

त्या दिवशी दुपारी औषधवाला येऊन गेला. मी दार लावून घेतलं, पिशवी स्टँडवर ठेवली आणि पैसे पोचल्याचा मेसेज आला का ते बघायला फोन उचलला. उचलला एवढंच. आता यांच्यापाशी जायचं, करंगळी पुसायची, असं मनात म्हणत मी दारापासून आत जाणाऱ्या बोळात तोंड आत करून उभी होते, आणि फोन उघडला.

थरथर नाही. पडद्यावरचं चिमुकलं कुलूप गुपचूप बाजूला झालं. बोटाने उघडला की तो थरथरतो, चेहऱ्याने उघडला की असा मुकाट उघडतो, हे मला लेकीने तेव्हा दाखवलेलं होतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. ती हसली.

"आई, तुझ्या चेहऱ्याने उघडला असेल. इतकी वर्षं एकत्र राहिल्यावर नवरा-बायको सारखे दिसायला लागतात."

"म्हणजे मी तुझ्या बाबांसारखी दिसते?"

"आठ्या तरी तशाच आहेत."

मी न्हाणीघरातल्या आरशात बघून आले. आठ्या होत्या खऱ्या. वाईट वाटलं आणि थोडं हसूही आलं. दुसऱ्या दिवशी बोळात फोन पुन्हा तसाच उघडला, तिसऱ्या दिवशीही. मी त्यावर फार विचार केला नाही. पलंगापर्यंतची एक खेप वाचत होती, आणि त्या दिवसांत माझी एक खेप वाचवणाऱ्याला मी उगाच प्रश्न विचारणार नव्हते.

३

पण डोक्यात किडा वळवळत राहिला. बाजारात गेले तेव्हा फोन मोबाइलवाल्याकडे घेऊन गेले. यांच्या दुकानासमोरच त्याचं दुकान, यांना चांगला ओळखायचा.

"काकू, बघा याच्याकडे," तो म्हणाला. मी बघितलं. चेहरा ओळखता आला नाही. चष्मा काढून बघितलं, दिव्याखाली बघितलं, त्याच्या सांगण्यावरून आठ्या घालूनही बघितलं. फोन ढिम्म.

"तुमच्या चेहऱ्याने नाही उघडत हा," तो म्हणाला. "काकांचाच चेहरा लावलेला असणार."

"घरात तर उघडतो."

"घरात काकांचा फोटो असेल भिंतीवर."

"बोळात कसला फोटो? आणि फोटोने उघडतो का?"

"नाही म्हणा. डोळे उघडे लागतात, जिवंत माणूस लागतं." एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. जाता जाता म्हणाला, "काही नाही, उजेडाचा खेळ असेल."

उजेडाचा खेळ. मी ते शब्द घरापर्यंत जपून आणले. आल्यावर यांना पाणी पाजलं, कूस बदलून दिली आणि फोन घेऊन घरभर फिरले. स्वयंपाकघरात उघडला नाही. मी लोकांचे कपडे शिवते त्या मशीनपाशी नाही, खिडकीपाशी नाही. बोळात चपलांच्या स्टँडपाशी उघडला. मग मी तिथेच वळले, दाराकडे तोंड केलं, पाठ घराच्या आतल्या बाजूला. तोच बोळ, तोच उजेड, आणि फोन उघडला नाही. पुन्हा वळले, दाराकडे पाठ केली. उघडला.

म्हणजे फोन माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे बघत होता.

मी अर्थातच मागे वळून पाहिलं. मागे दार होतं. यांनी स्वतः बसवलेली तीन कुलपं, साखळी, खाली यांच्या चपला, बाजूला यांची छत्री. बाकी काही नाही. कळायला मला वेळ लागला नाही. कबूल करायला लागला. मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला.

४

मला घाबरायला हवं होतं. खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं.

झटक्यापासून मी यांचं सगळं करत होते, पण यांचा चेहरा मला दिसला नव्हता. ओघळलेला दिसायचा, तो मी पुसायची, त्याला पावडर लावायची. मी ज्याच्याशी आयुष्यभर भांडले, ज्याच्यासमोर बसून जेवले, तो चेहरा गेला होता. आणि फोन मला रोज सांगत होता की तो आहे, घरातच आहे, माझ्या पाठीशी उभा आहे. मला त्याची इतकी आठवण यायची की मी मुद्दाम बोळात जाऊन पाठ करून उभी राहायला लागले. फोन उघडला की म्हणायची, "आलात?" मग कुणाची पँट आखूड करायचं काम आलंय, गिऱ्हाईक घासाघीस करतंय, असलं काहीबाही सांगायची. ऐकणारं कोणी आहे एवढ्यानेही माणसाचा शीण उतरतो.

काही दिवसांनी चपलांच्या स्टँडपाशी फोन उघडेनासा झाला. मी कासावीस झाले. मग न्हाणीघरापाशी, बोळाच्या मध्यावर, पाठ करून बघितलं, तिथे उघडला. पुढच्या आठवड्यात यांच्या खोलीच्या दाराशी. मी आत पलंगाकडे तोंड करून उभी, फोन उंच धरलेला, आणि कुलूप मुकाट बाजूला झालेलं.

आत येतोय, असं मला वाटलं. आपल्या जागी परत यायला निघालाय आणि वाट चुकतमाकत येतोय. वेडगळ विचार होता. डॉक्टरांना सांगितला असता तर त्यांनी मलाच गोळ्या दिल्या असत्या. पण त्या विचाराने मी सकाळी उठत होते.

यांचं मात्र बिनसलं होतं. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायची, ती म्हणाली, "काका हल्ली डावा हात उघडून देत नाहीत. मूठच करून ठेवतात."

"दमत असतील," मी म्हणाले.

"आणि सारखं नको नको चाललंय."

"ते तर नेहमीचंच."

"पूर्वी तुमच्याकडे बघून म्हणायचे. आता दाराकडे बघून म्हणतात." तिने त्यांची मूठ सोडवायचा पुन्हा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "बघा जरा," ती म्हणाली. मी बघते म्हणाले आणि चहा ठेवायला गेले.

५

शेवटी ते दुपारी झालं, भांडी घासून झाल्यावर, भरपूर उजेडात. मी यांची नखं कापायला पलंगाच्या कडेवर बसले होते, दाराकडे पाठ करून. उजव्या हाताची झाली. डावी मूठ हे उघडेनात. मी एकेक बोट सोडवत होते, हे पुन्हा मिटत होते, करंगळी अंगठ्याखाली अशी दाबून धरली होती की नख पांढरं पडलं होतं.

"अहो, सोडा ना. नखं लागतात तुम्हालाच."

"नको," हे म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे बघत होते.

मी मांडीवरचा फोन उचलून समोर धरला. तो तात्काळ उघडला. मागे वळायची गरज नव्हती, मला पाठीला जाणवत होतं. दारात नव्हतं ते. माझ्या अगदी मागे होतं, बसायला जागा मिळेल म्हणून कोणी ताटकळत उभं राहतं तसं.

मी इतकी दमले होते. कापायची नखं हातात, धुवायच्या चादरी बादलीत, मशीनवर लोकांचे शिवायचे कपडे. आणि मागे माझा नवरा उभा होता, सरळ चेहऱ्याचा, चालत आलेला.

"नको," हे म्हणाले. डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट पकडलं. त्या हातात एवढी ताकद अजून आहे हे मला माहीत नव्हतं. "नको. नको."

"हो हो, नको तर नको," मी म्हणाले. मनगट सोडवलं आणि पलंगावरून उठून बाजूला झाले. आणि म्हणाले, "अहो, आत या. किती दिवस बाहेर उभे राहणार?"

गादीची कड दबली, मी उठले होते तिथेच. मी भिंतीशी, बाजूला उभी होते, म्हणून मला ते बाजूने दिसलं. क्षणभरच. यांच्यावर ओणवं झालेलं. समोरून त्याला कपाळ असणार, नाक असणार, आठ्या असणार. बाजूने त्याला काहीच नव्हतं. कागद कडेने बघितला की जेवढा उरतो तेवढंसुद्धा नव्हतं.

मग गादी पुन्हा वर आली. यांचा नको अर्ध्यावर थांबला होता.

६

चेहरा संध्याकाळपर्यंत सरळ झाला. दोन दिवसांत हात हलला, आठवड्यात पाय. लेक धावत आली, बापाच्या गळ्यात पडून रडली. डॉक्टरांनी टॉर्च मारून डोळे बघितले आणि म्हणाले, क्वचित होतं असं, तुमच्या सेवेचं फळ. मीही रडले. मला ते फळ हवंच होतं.

आता तो बोलतो, नीट, पूर्ण वाक्यं बोलतो. जे वाढीन ते खातो. सूप अळणी झालं तरी खातो, दुसऱ्यांदा वाढू का म्हटलं तरी हो म्हणतो. कशालाच नको म्हणत नाही. बेल वाजली की साखळी न लावता दार उघडतो. मी एकदा म्हणाले, आधी बघा तरी कोण आहे. तर म्हणाला, "ओळखीचंच असणार कोणीतरी." हसला, आणि हसतानाही कपाळावर आठ्या तशाच होत्या. झोपेतही असतात. मी पाहिल्या आहेत.

फोन त्याच्या चेहऱ्याला लगेच उघडतो. करंगळीला उघडत नाही.

मी तो झोपलेला असताना लावून बघितली. पुसून, कोरडी करून, पूर्वीसारखी. बोट ओळखता आलं नाही. मोबाइलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "काम बंद झालं की रेषा नव्याने उमटतात काकू. जुन्याशी जुळत नसतील. आकडे टाका आणि बोट नव्याने लावा." आकडे त्याला आठवत नाहीत. इतक्या मोठ्या आजारात माणूस आकडे विसरायचाच, लेक म्हणाली. सगळ्याला उत्तर आहे. मी एकेक उत्तर घेते आणि ठेवून देते.

दुसऱ्यांदा करंगळी लावत होते तेव्हा फोन एकदम मुकाट उघडला. मी मान वर केली. तो उशीवरून माझ्याकडे बघत होता.

"उघडलं ना?" तो म्हणाला.

७

काल सकाळी मी फोन चार्जिंगवरून काढला. बोळात, चपलांच्या स्टँडपाशी. पडदा वर करून तळहातावर धरला होता, पाठीवरचा गोल खळगा बोटांच्या फटीत उघडाच होता. तो आत दाढी करत होता, नळाचा आवाज येत होता.

फोन थरथरला आणि उघडला.

मी दचकले नाही. बोट सरकलं असेल माझं, असं स्वतःला सांगितलं आणि माझं बोट खळग्यावर ठेवून बघितलं. ओळखता आलं नाही. बोट काढलं, पडदा विझवला, हात पसरून तसाच धरला. यांच्या चपलांच्या वर, बंद दाराच्या आतल्या अंगाला. थोड्या वेळाने खालून, अगदी हलकं, काहीतरी टेकलं. थरथर.

तीन कुलपं आणि साखळी, आणि हे चपलांपाशी उभे. कोणी आत या म्हणेल याची वाट बघत, आणि म्हटलं तरी आत यायला जागाच नाही, ती त्याने घेतलेली. एक शब्द उरला होता बिचाऱ्यांकडे. तो त्या दुपारी त्यांनी बरोबर जागी वापरला, आणि मी नखं कापत बसले होते.

"अहो," मी हळूच म्हणाले. "कळलं मला. उशिरा कळलं." फोन पुन्हा थरथरला. मी तिथेच स्टँडला टेकून उभी राहिले, करंगळी टेकू देत, किती वेळ कोण जाणे.

नळ बंद झाला. तो टॉवेलने चेहरा टिपत बोळात आला.

"काय करतेस इथे?"

"काही नाही. चार्जिंग."

"जुना झालाय तो. लेक रविवारी नवा आणतेय, मी सांगितलं तिला. नुसत्या चेहऱ्याचा." त्याने हात पुढे केला. "आण, बंद करून टाकू."

बंद केला की सुरू होताना आकडे मागणार. मग कुठलंच बोट चालणार नाही, कुणाचंच. मी फोन छातीशी धरला. सांगायचं बरंच होतं. लेकीला हाक मारायची होती, शेजारच्यांचं दार वाजवायचं होतं, पण तोंडातून एकच शब्द आला.

"नको," मी म्हणाले.

तो हसला. आठ्या हलल्या नाहीत. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली, घाई न करता, रोजचं काम करावं तशी.

"हो हो," तो म्हणाला, "नको तर नको." आणि बाजूचं बटण दाबून धरलं. पडदा काळा होईपर्यंत फोन त्याच्या हातात थरथरत होता.